वकिलाची पत्रं आणि विलायतेची वाट

पेशवाईतलं एखादं वकिलाचं पत्र वाचायला घेतलं की मजकुराआधी मी पैवस्ती बघतो. पत्र कधी लिहिलं ते चंद्रमानाने पत्राच्या शेवटी असतं. ते पुण्यात कधी पोहोचलं ते दफ्तरातल्या कारकुनाने वेगळ्या हाताने टिपलेलं असतं, पैवस्ती छ अमुक, रमजान किंवा सफर. या दोन तारखांमध्ये जे दिवस गेले तेवढी शिळी बातमी हाताशी घेऊन दरबाराला धोरण ठरवावं लागे. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, त्यामुळे ही खोड. राजवाड्यांची ‘साधने’ असोत, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ असो की पारसनिसांनी छापलेली दिल्लीची राजकारणं असोत, माझं बोट आधी तारखांवर जातं.

ही पत्रं कासीद आणि जासूद नेत. बहुधा जोडीने जात, म्हणजे वाटेत एकाचं बरंवाईट झालं तर दुसरा पुढे जाई. त्यांना मिळायचा तो अजुरा. सरकारी जासुदांपेक्षा सावकारांचं टपाल बऱ्याचदा तेज असे, आणि त्याचा सगळ्यात कडू दाखला पानिपताचा आहे. १४ जानेवारी १७६१ ला सैन्य बुडालं. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते, त्यांना ही बातमी २४ जानेवारीला भेलशाजवळ कळली, तीही स्वतःच्या माणसांकडून नव्हे. औरंगाबादेकडे निघालेल्या एका सावकारी जासुदाची थैली फोडली, तेव्हा तिच्यात मोत्या-मोहरांच्या सांकेतिक भाषेत घराण्याच्या नाशाचा हिशेब लिहिलेला सापडला. उत्तर हिंदुस्थानभर वकील पेरलेल्या दरबाराची ही गत.

वर्षानुवर्षं ही पत्रं वाचताना एक गोष्ट मला खटकत आली आहे. पुण्याला दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, कलकत्ता इथली बित्तंबातमी असे. नवाबाची प्रकृती कशी आहे, दिवाण कोणावर रुसला, कोणाच्या फौजेचा पगार किती महिने थकला, सगळं. पण ज्या कंपनीने शेवटी राज्य घेतलं तिचं घर कसं आहे, तिथे हुकूम कोणाचा चालतो, हे पाहायला पुण्याच्या चालत्या दरबाराने माणूस विलायतेला धाडला नाही. मराठ्यांचे वकील लंडनला गेले, नाही असं नाही. पण ज्यांनी ते पाठवले त्यांच्याकडे तेव्हा गादीच नव्हती.

टोपीकरांशी आपला संबंध असा आंधळा सुरू झाला नव्हता. १६७४ च्या उन्हाळ्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. राज्याभिषेक व्हायचा होता, गडावर गर्दी होती, त्यामुळे त्याला दिवसच्या दिवस थांबावं लागलं. ६ जूनला दरबारात तो सिंहासनापासून बराच लांब उभा होता. त्याच्या बरोबरच्या नारायण शेणव्याने नजर करायची हिऱ्याची अंगठी हातात उंच धरली, ती महाराजांना दिसली आणि दोघांना पुढे बोलावणं आलं. परत जाताना दरवाजाशी झुलणारे हत्ती पाहून, एवढ्या अवघड वाटेने ते वर आले कसे, या विचारात तो पडला. गडावर मटण पुरवणाऱ्या खाटकाचीही नोंद इंग्रजांनी करून ठेवली आहे. म्हातारा खाटीक धापा टाकत गड चढून आला तो केवळ ही माणसं डोळ्यांनी पाहायला. गेल्या कित्येक वर्षांत विकलं नव्हतं इतकं मटण या गिऱ्हाइकांनी महिन्याभरात संपवलं होतं.

गंमत बाजूला ठेवू. इंग्रजांनी मागितलेली कलमं वीस होती. राजापूरची वखार लुटली गेली त्याची भरपाई, व्यापाराची मोकळीक, जकातीचा दर यांवर फार ओढाताण झाली नाही. अडलं दोन ठिकाणी. कंपनीचं नाणं स्वराज्यात चालवावं ही एक मागणी. तिला महाराजांचं उत्तर असं, की कोणाचंच नाणं मी बंद करत नाही, पण तोटा सोसून ते घ्या अशी जबरदस्ती मी रयतेवर करणार नाही. दुसरी मागणी किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतांची. ती परत देण्याचा कोकणात रिवाज नाही, आणि इंग्रजांना दिली की उद्या फरासीस (फ्रेंच) आणि वलंदेज (डच) तेच मागतील. समोरच्या माणसाला हो म्हणताना दाराबाहेर आणखी कोण उभं आहे हे पाहणं ज्याला जमतं त्याला परराष्ट्र व्यवहार कळतो, असं माझं मत आहे. रायगडावर ते जमत होतं.

पुढे चाळीसेक वर्षांनी, १७१५-१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यातलं टोपीकरांवरचं प्रकरण शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं, पण त्यातला मुद्दा पुढच्यांनी कितपत घेतला कोण जाणे. अमात्य सांगतात, हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा आहे, त्याच्या हुकमाने ते व्यापाराला येतात, आणि राजाला प्रदेशाचा लोभ नाही असं कधी घडत नाही. म्हणून वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकिनारी आणि खाडीवर देऊ नये, आत मुलखात द्यावी, पक्कं बांधकाम करू देऊ नये. सल्ला चोख आहे. मात्र सगळा पहारा आपल्या किनाऱ्यावर आहे. त्यांच्या किनाऱ्यावर जाऊन बघा, असं अमात्यही सांगत नाहीत.

आपल्या पद्धतीत वकील म्हणजे परक्या दरबारात वर्षानुवर्षं बिऱ्हाड करून राहणारा माणूस. दिल्लीत हिंगणे होते. महादेवभट हिंगणे हे नाशिकचे उपाध्ये. बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले, १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, आणि तिथेच त्यांची वकिलात बसली. त्यांच्यामागे मुलांनी ती चालवली. एका घराण्याने तीन-चार दशकं एकाच शहरात काढली की ओळखी होतात, भाषा येते, कोणत्या अमिराचा कोणता कारभारी लाच घेतो हे कळतं. त्याचबरोबर स्वतःचे हितसंबंधही तयार होतात. अंताजी माणकेश्वर आणि हिंगणे दिल्लीतून एकमेकांच्या कागाळ्या पुण्याला लिहीत. दोघेही आपलेच. ती पत्रं ओळीने वाचली की पुण्यात बसून खरं-खोटं करणाऱ्याची कीव येते.

हैदराबादेत काळे. कृष्णराव बल्लाळ आणि त्यांचे चिरंजीव गोविंदराव. गोविंदराव काळ्यांच्या पत्रांत नवाबाचं बोलणं, दिवाणाचं बोलणं, मध्येच कोणी हसलं असेल तर तेही नोंदलेलं असतं. आजच्या राजदूताचा अहवाल मी वाचलेला नाही, पण इतका बारीक कान असणारी माणसं कुठल्याही खात्याला परवडतील. १७९४ च्या आसपास त्यांच्यावर जो प्रसंग आला तो जरा तपशिलात सांगतो, कारण वकिलाची ताकद किती आणि मर्यादा कुठे, दोन्ही त्यात दिसतं.

निजामाकडे चौथाईची थकबाकी होती, ती कोटींत गेली होती. मागणीची पत्रं गेली, हिशेबाचे कागद गेले. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क भर दरबारात म्हणाला की हिशेब इतका गुंतागुंतीचा आहे, तर तो समजावून सांगायला नाना फडणिसांनी स्वतः हैदराबादेला यावं. गोविंदराव म्हणाले, नानांना कामातून सवड कुठली, ते कसे येतील? त्यावर दिवाण म्हणाला, कसे येतील ते मी लवकरच दाखवतो. तिथे दरबारात पुण्याच्या कारभाऱ्यांची सोंगं आणून थट्टा चालायची, हेही लिहून ठेवलेलं आहे. वकिलाने हे सगळं ऐकून घ्यायचं, चेहरा ढळू द्यायचा नाही, मुक्कामावर जायचं आणि जसंच्या तसं लिहून काढायचं.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याला लढाई झाली. लढाई कसली, निजामाची फौज रात्रीत खर्ड्याच्या गढीत शिरली आणि कोंडली गेली. तहात मुलूख आला, दौलताबाद आलं, तीन कोटी रुपये ठरले. आणि मुशीर-उल्-मुल्काला मराठ्यांच्या हवाली करावं हे कलम आलं. नानांना हैदराबादेत आणून दाखवतो म्हणणारा दिवाण ओलीस म्हणून पुण्यात आला.

आपली पुस्तकं बहुधा इथे थांबतात. मला पुढची दोन-तीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. २७ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव गेले आणि गादीसाठी जी ओढाताण सुरू झाली तिच्यात या कैद्याचा भाव वाढला. १७९६ मध्ये नानांनी महाडहून जी मोट बांधली तिच्यात निजामही होता. बदल्यात खर्ड्याला मिळवलेलं बरंचसं सोडून द्यायचं ठरलं. दिवाण सुटून हैदराबादेत पुन्हा कारभारावर बसला. खर्ड्याच्या वेळी गव्हर्नर जनरल जॉन शोर याने तटस्थ राहून निजामाला एकटं सोडलं होतं. आता मराठ्यांपासून वाचवणारा कोणीतरी हवा, हे हैदराबादने मनाशी पक्कं केलं. १ सप्टेंबर १७९८ ला निजामाने वेलस्लीची तैनाती फौज पत्करली, आणि तो तह घडवण्यात हाच मुशीर-उल्-मुल्क पुढे होता. पुण्याच्या अंगणाला लागून असलेलं घर इंग्रजांनी गोळी न झाडता घेतलं. खर्ड्याचा विजय साजरा करताना हे कोणी सांगत नाही.

नानांची सगळ्यात मोठी कसोटी मात्र त्याआधी लागली होती. १७७५ मध्ये पुण्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेला तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो झिडकारला आणि कर्नल अप्टनला पुरंदरावर पाठवलं. १ मार्च १७७६ ला दुसरा तह झाला. मुंबईचे इंग्रज एक बोलतात, कलकत्त्याचे दुसरं, आणि दोघांच्या वर विलायतेत आणखी कोणी आहे, हे पुण्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. हे वरचे कोण, हा प्रश्न पडायला याहून चांगली वेळ नव्हती.

नानांनी वेगळा डाव टाकला. १७७७ च्या मे महिन्यात सँ लुबँ नावाचा फ्रेंच माणूस चौलला उतरून पुण्यात आला, फ्रान्सच्या राजाची पत्रं घेऊन. त्याचं स्वागत मोठ्या थाटात झालं आणि इंग्रजांचा पुण्यातला वकील मोस्टिन ते पाहून जळत राहिला. गृहस्थ मुळात उचापत्या. फौज आणतो म्हणाला, चौल बंदर मागितलं, पण करार बांधण्याचा पुरा अधिकार त्याच्याकडे नव्हता. नानांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. इंग्रजांना दाखवायला फ्रेंच हवा होता, तो त्यांनी वर्षभर दाखवला आणि १७७८ मध्ये निरोप दिला. यात पुण्याला मिळालं काय? इंग्रजांची झोप उडाली, आणि त्या घाईत मुंबईकरांची फौज घाट चढून आली ती जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडली गेली. ज्या माणसाच्या हाती काहीच नव्हतं त्याचाही उपयोग झाला म्हणायचा.

मग १७८० ची चौकट : पुणे, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले, चौघांनी चार बाजूंनी इंग्रजांवर उठायचं. कागदावर याहून देखणं राजकारण अठराव्या शतकात सापडणार नाही. हैदर खरोखर कर्नाटकात उतरला. निजाम बसून राहिला. नागपूरकरांची फौज कटकपर्यंत गेली आणि गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडून लाखांनी रुपये घेऊन थंडावली. नागपूरकरांचा कलकत्त्यातला वकील बेनीराम पंडित. हेस्टिंग्जशी त्याचं इतकं गूळपीठ होतं, की १७८१ मध्ये बनारसला राजा चेतसिंगाच्या प्रकरणात हेस्टिंग्जला जीव घेऊन चुनारला पळावं लागलं, खिशात दमडी नव्हती, तेव्हा या वकिलाने त्याला एक लाख रुपये देऊ केले. हेस्टिंग्जने ते उपकार स्वतः लिहून ठेवले आणि पुढे पंडिताला जहागीरही दिली. ज्या दरबाराविरुद्ध आपला धनी करारात बांधलेला आहे त्याच दरबारच्या मुख्याला वकिलाने कर्ज द्यावं! कलकत्त्यात पुण्याचाही वकील होता, लाला सेवकराम. तो इमानाने बातम्या कळवत राहिला. पण त्याच्याजवळ देण्यासारख्या बातम्याच होत्या, लाख रुपये नव्हते.

सालबाईचा तह १७ मे १७८२ चा. महादजी शिंदे आणि कंपनीचा डेव्हिड अँडरसन यांनी तो केला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबादादांना महिना पंचवीस हजार नेमणूक ठरली. नानांनी त्यावर मान्यतेची मोहोर उठवली १७८३ च्या फेब्रुवारीत. मधले महिने ते हैदरकडे पाहत बसले होते. हैदर ७ डिसेंबर १७८२ ला वारला, तेव्हा वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही. महादजी दोन्ही बाजूंचे जामीन झाले आणि त्यातून नवीन गुंता आला : इंग्रजांशी बोलायचं ते माझ्यामार्फत, पुण्यात वेगळा इंग्रज कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुण्यासाठी नेमलेला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याला म्हणून आधी सुरतेहून उत्तरेत शिंद्यांच्या छावणीपर्यंत जावं लागलं आणि मग कुठे मार्च १७८६ मध्ये तो पुण्यात आला.

मॅलेटला मुळा-मुठेच्या संगमावर जागा मिळाली. आज इंजिनिअरिंग कॉलेजकडून संगम पुलावर जाताना तो भाग दिसतो, म्हणजे वाहनांतून जे दिसेल ते. तिथे त्याने बंगले उठवले, बाग केली, आणि अकरा वर्षं राहिला. सरदेसाई आणि जदुनाथ सरकारांच्या देखरेखीखाली रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापला गेला आहे. तो एका हाताला आणि नानांच्या वकिलांची पत्रं दुसऱ्या हाताला ठेवून वाचावीत. बातमीच्या बाबतीत आपला वकील तसूभर कमी नाही. किंबहुना दरबारातल्या माणसांचे स्वभाव तो जास्त ओळखतो. फरक पडतो तो मॅलेट बातमीखेरीज जे गोळा करत होता त्यात. रस्ते, घाट, पिकं, वसूल, देवळं, लेणी, हवा. १७९२ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना, महादजी यांची चित्रं काढली आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू केली. तिथला गंगाराम तांबट हा पुणेरी कारागीर मॅलेटसाठी वेरूळची लेणी काढून आला. पेशव्यांच्या गेंड्याचंही त्याने काढलेलं चित्र आहे. १७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह मॅलेटने दरबारात सादर केला, त्या प्रसंगाचं मोठं तैलचित्र वेल्सच्या टिपणांवरून पुढे टॉमस डॅनियलने लंडनमध्ये पुरं केलं. आपला दरबार लंडनच्या भिंतीवर लागला. लंडनचं चित्र पुण्यात कोणी आणलं नाही.

मॅलेटच्या अंगी काही अचाट बुद्धी होती असं मी मानत नाही. त्याच्या पत्रांत गैरसमज आहेत, गर्व आहे, नानांचा ठाव त्याला लागत नाही म्हणून चरफडही आहे. पण तो निघून गेला तरी कागद राहणार, पुढचा पामर, त्याच्यापुढचा क्लोज तिथून सुरुवात करणार, ही सोय त्याच्या मागे होती. आपला वकील मेला की मुलाला वस्त्रं मिळत, आणि कागद घरच्या रुमालात बांधलेले राहत. शंभर वर्षांनी राजवाडे ते माळ्यांवरून शोधत हिंडले.

आता विलायत. पहिले गेले ते राघोबादादांचे. १७८१ मध्ये हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर मणियार पारशी व त्याचा मुलगा असे लंडनला पोहोचले. काम काय, तर पुण्याची गादी आपली, ती कंपनीने मिळवून द्यावी. पार्लमेंटातले एडमंड बर्क यांनी त्यांची अवस्था पाहिली, आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून. इंग्लंडच्या थंडीत काचघरात चूल मांडून बसलेला हा कोकणा-देशावरचा वकील माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतो. बर्क पुढे हेस्टिंग्जवर खटला भरणार होते. कंपनीच्या कारभारावर पार्लमेंटात कोण चिडलेलं आहे, हे ज्या मराठी माणसाने जवळून पाहिलं तो नेमका राघोबांचा होता, आणि सालबाईने राघोबांचंच राजकारण संपवलं. ते डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला वारले. परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त म्हणून या वकिलांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून नवा जन्म दिला गेला, असं विल्फर्डने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लिहिलं आहे. तो दोघेही ब्राह्मण होते म्हणतो, तेवढं सोडून द्यावं. विलायतेत त्यांनी काय पाहिलं हे त्यांना नानांच्या कचेरीत बसवून विचारायला हवं होतं. शत्रूकडच्या माणसांना कोण विचारणार?

समुद्र ओलांडायचं धर्मसंकट हे कारण म्हणून नेहमी पुढे केलं जातं. मला ते अर्धंच पटतं. वकील ब्राह्मणच असला पाहिजे असा नियम नव्हता. पारशी होते, मुसलमान होते, दर्यावर्दी जातींतली माणसं होती. टिपूने १७८७ मध्ये तीन वकील फ्रान्सला रवाना केले, ते १७८८ च्या ऑगस्टमध्ये सोळाव्या लुईपुढे उभे राहिले. त्याआधी त्याचे लोक कॉन्स्टँटिनोपलला गेले होते. फौज मिळाली नाही, खर्च मात्र झाला, पण गेले तर खरे. पुण्याला दिल्ली हेच जगाचं मध्य वाटत राहिलं. दिल्लीचा बादशहा शिंद्यांच्या संरक्षणात आला, तेव्हा सगळं हातात आल्यासारखं वाटलं असल्यास नवल नाही.

३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. त्यात, कंपनीचा सल्ला घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, हे कलम आहे. पुढचं पाऊल जून १८१७ च्या पुणे कराराचं. रेसिडेंट एल्फिन्स्टनने तो लिहून घेतला, गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आणि त्यात आरोप असलेल्या, पेशव्याच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांच्या प्रकरणाचा दाब देऊन. त्या करारात पेशव्याने कबूल केलं की परदरबारी आपला वकील ठेवणार नाही आणि कोणाचा वकील पुण्यात घेणार नाही; बोलायचं ते रेसिडेंटमार्फत. हिंगणे, काळे, सेवकराम ज्या धंद्यात आयुष्यभर राहिले तो धंदा एका कलमाने बंद झाला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, मराठ्यांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली, एल्फिन्स्टनची पुस्तकं जळाली. पुस्तकं जळाल्याचं मला वाईट वाटतं, हे इथे कबूल करून टाकतो.

साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांना १८१९ मध्ये जे राज्य दिलं त्याच्या तहातही हेच बंधन होतं. आणि १८३९ च्या सप्टेंबरात त्यांना पदच्युत केलं तेव्हा ठेवलेले आरोप पाहा : गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार, नागपूरच्या परागंदा आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, आणि कंपनीच्या शिपायांत फितुरी. पहिले दोन आरोप म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुठल्याही छत्रपतीचं रोजचं कामकाज. आता तोच गुन्हा होता.

प्रतापसिंहांनी बनारसला जाताना एक माणूस लंडनला लावून दिला, रंगो बापूजी गुप्ते. रोहिडखोऱ्यातल्या कारीचे. पूर्वज दादाजी नरस प्रभू शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या सोबत्यांतले. रंगो बापूजी १८४० ते १८५३ लंडनमध्ये राहिले. इंग्रजी शिकले. कंपनीचे चोवीस डायरेक्टर कोण, भागधारकांची सभा कधी भरते, तिथे कोणाला बोलता येतं, कोणता पार्लमेंटचा सभासद ऐकून घेतो, हे त्यांनी पायाखाली घातलं. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉम्पसन यांसारखे लोक छत्रपतींच्या बाजूने बोलले. निवेदनं छापून वाटली गेली. कंपनी म्हणजे एक राजा नव्हे, हिस्से घेतलेल्या माणसांचा जमाव आहे, त्यात गट आहेत, भांडणं आहेत, आणि ती भांडणं आपल्याला वापरता येतात, हे मराठी माणसाने आतून ओळखलं ते असं. अमात्यांनी टोपीकरांच्या मागे राजा पाहिला होता. रंगो बापूजींनी मतदार पाहिले.

प्रतापसिंह १८४७ मध्ये बनारसला वारले. साताऱ्याच्या गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी १८४८ मध्ये गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. ज्या गादीसाठी भांडायचं तीच उरली नाही, तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षं लंडनला टिकून होते, आता दत्तकाच्या हक्कासाठी. ते परत निघाले त्याच सुमारास दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र, ब्रह्मावर्तचे नानासाहेब, यांचा वकील अजीमुल्ला खान तनखा मागायला तिथे पोहोचला होता. राघोबा, प्रतापसिंह, नानासाहेब : तिघांचेही दावे खरे असोत की खोटे, तिघांनाही लंडन आठवलं ते इथलं सगळं हातचं गेल्यावर.

१८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीला आला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं गेलं. कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९४८ मध्ये ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा सूर चढा आहे आणि बऱ्याच ठिकाणी मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. तरी मॅलेटचा पत्रव्यवहार वाचून झाल्यावर ते वाचावं, मधल्या पन्नास वर्षांत आपला वकील किती शिकला ते कळतं.